उझगोरोदच्या पलीकडे: युक्रेनची गॅसवाहिनी आणि तिचे शेजारी

नमस्कार. ट्रान्झिट देश, म्हणजे दुसऱ्याचा गॅस आपल्या हद्दीतून पुढे जाऊ देणारा देश, म्हटला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे व्हॉल्व्हच्या चाकावर हात ठेवून बसलेला एक माणूस येतो. त्याच्या मनात आले तर गॅस चालू, नाही तर बंद. चित्र आकर्षक आहे, पण अपुरे आहे. शेजारी देशाच्या घरात जानेवारीत हीटर चालेल की नाही, हे बऱ्याच अंशी जोडबिंदूवर ठरते. जोडबिंदू म्हणजे दोन देशांच्या वाहिन्या जिथे मिळतात ती जागा. तिथला मीटर कोण वाचतो, कोणाचा गॅस किती हे कोण जुळवतो आणि तोच गॅस उलट्या दिशेने नेता येतो का, या तीन प्रश्नांभोवती आजचे व्याख्यान आहे. उदाहरण युक्रेनचे आणि त्याच्या पश्चिम व दक्षिणेच्या शेजाऱ्यांचे घेऊ, कारण गेल्या वीस वर्षांत या प्रश्नांची सगळी उत्तरे, चुकीचीसुद्धा, तिथे देऊन झाली आहेत.

आधी लोखंडाचा अंदाज घेऊ. सायबेरियातले उरेंगॉय ते युक्रेनच्या पश्चिम सीमेवरचे उझगोरोद ही वाहिनी 1980च्या दशकाच्या सुरुवातीला टाकली गेली. तिची एकूण लांबी सुमारे 4,450 किलोमीटर, त्यातले साधारण 1,160 किलोमीटर युक्रेनमध्ये. नळीचा व्यास 1,420 मिलीमीटर, कामकाजाचा दाब 75 बार, क्षमता वर्षाला सुमारे 32 अब्ज घनमीटर. ही अनेक वाहिन्यांपैकी एक. संपूर्ण युक्रेनी जाळ्याची आराखड्यातली क्षमता पूर्वेकडून 280 अब्ज घनमीटरहून अधिक गॅस घेण्याची आणि पश्चिमेकडे सुमारे 178 अब्ज घनमीटर बाहेर देण्याची होती. 1998 मध्ये प्रत्यक्षात 141 अब्ज घनमीटर गेला, तो कळस. 2024 मध्ये जेमतेम 15 अब्ज. 1 जानेवारी 2025 पासून रशियन गॅसचे ट्रान्झिट शून्य.

नळीतला गॅस वाटतो तितका वेगाने धावत नाही. वर सांगितलेली वाहिनी पूर्ण भरून चालली तर वेग सेकंदाला सुमारे 10 मीटर, म्हणजे तासाला 36 किलोमीटर. युक्रेन ओलांडायला त्याला दीड दिवसाच्या आसपास लागतो. वाटेत घर्षणाने दाब उतरतो, म्हणून साधारण दर शंभर-दीडशे किलोमीटरवर कॉम्प्रेसर स्टेशन लागते. तिथली टर्बाइन बहुतांशी त्याच नळीतला गॅस जाळून चालतात. हा इंधन-गॅस कोणी द्यायचा, हे प्रत्येक ट्रान्झिट करारात लिहावे लागते. लिहिले नाही तर काय होते, याची झलक 2009 च्या रशिया-युक्रेन गॅसवादात दिसली. त्या वादात हाही एक मुद्दा होता.

नळीत कायम साठून राहणाऱ्या गॅसला लाइनपॅक म्हणतात. या एका वाहिनीच्या युक्रेनमधल्या भागात, पूर्ण दाबाला, ढोबळ हिशेबाने 12 कोटी घनमीटर गॅस असतो. डिस्पॅचरची, म्हणजे जाळ्यातला प्रवाह सांभाळणाऱ्याची, ती तिजोरी. सकाळी मागणी वाढली की तो दाब थोडा उतरू देतो आणि रात्री पुन्हा भरतो. पण एका टोकाला गॅस येणे थांबले आणि दुसऱ्या टोकाने उपसा चालूच राहिला, तर ही तिजोरी दीड दिवसही पुरत नाही. दाब ठरावीक पातळीखाली गेला की शहरांच्या वितरण केंद्रांना पुरेसा दाब मिळत नाही. त्यानंतर गॅस परत आला तरी प्रत्येक घराची जोडणी तपासूनच तो सोडावा लागतो, कारण विझलेल्या बर्नरमध्ये आलेला गॅस म्हणजे स्फोटाला आमंत्रण. बंद पडलेले मोठे जाळे पुन्हा सुरू करायला दिवस लागतात. म्हणून कुठलाही डिस्पॅचर आधी उद्योगांचा गॅस तोडतो, घरांचा शेवटी.

आता 2009 कडे येऊ. जानेवारी 7 ते 20 या काळात युक्रेनमार्गे युरोपला गॅस पूर्ण बंद होता. सर्वाधिक फटका बल्गेरिया आणि स्लोव्हाकियाला बसला. बल्गेरियाचा जवळपास सगळा आयात गॅस एकाच मार्गाने यायचा. साठ्याची सोय एकच, चिरेन इथली, तीही सुमारे 55 कोटी घनमीटरची, आणि ती कडाक्याच्या दिवसाची गरज पूर्ण भागवील इतक्या वेगाने रिकामी करता येत नव्हती. साठ्याच्या बाबतीत एक गोष्ट लोक नेहमी विसरतात. आत किती गॅस आहे आणि दिवसाला किती काढता येतो, हे दोन वेगळे आकडे आहेत. दुसरा आकडा हिवाळा सरत जाईल तसा घटतो, कारण भूगर्भातला दाब उतरत जातो. फेब्रुवारीअखेरची थंडीची लाट नोव्हेंबरपेक्षा घातक ठरते ती यामुळे.

स्लोव्हाकियाने तर युरोपीय संघात प्रवेश करताना दिलेल्या वचनानुसार नुकतीच बंद केलेली बोहुनित्सेची अणुभट्टी पुन्हा सुरू करण्याची तयारी केली होती. आणि हे सगळे घडत असताना जर्मनी आणि चेक प्रजासत्ताकात गॅस होता! अडचण एवढीच की जाळे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहण्यासाठी बांधलेले होते. शेवटी चेक बाजूने तातडीच्या जोडण्या करून प्रवाह उलटवला, आणि वाट उघडली.

उलटा प्रवाह म्हणजे पंप उलटा फिरवणे नव्हे. कॉम्प्रेसर एका बाजूने गॅस ओढतो आणि दुसऱ्या बाजूला अधिक दाबाने सोडतो. दिशा बदलायची तर स्टेशनच्या आवारात नवे आडवे पाइप आणि व्हॉल्व्ह टाकून ओढण्याची आणि सोडण्याची बाजू अदलाबदल करावी लागते. मधल्या एकदिशा झडपा, म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, बदलाव्या किंवा वळसा देऊन टाळाव्या लागतात. फिल्टर आणि थंड करणाऱ्या यंत्रणा दोन्ही दिशांना कामी याव्यात अशा जोडाव्या लागतात. जुने ऑरिफिस मीटर एकाच दिशेसाठी बसवलेले असतात. अल्ट्रासोनिक मीटर दोन्ही दिशांनी मोजू शकतो, पण त्यालाही दोन्ही बाजूंना सरळ नळीची ठरावीक लांबी आणि दोन्ही दिशांचे कॅलिब्रेशन हवे. खर्च एका नव्या वाहिनीच्या मानाने किरकोळ असतो. मग इतकी वर्षे कोणी तो का केला नाही? कारण तो करून कोणाचाच रोजचा नफा वाढत नव्हता.

2010 च्या युरोपीय नियमाने ते सक्तीचे केले. डिसेंबर 2013 पर्यंत सदस्य देशांच्या सीमेवरील जोडबिंदूंना, सवलत मिळाल्यास तेवढे वगळून, दोन्ही दिशांनी वाहण्याची क्षमता द्यायची. त्याच नियमात एन-वजा-एक हे गणित आले, म्हणजे सर्वांत मोठा मार्ग बंद पडला तरी पूर्ण मागणी भागते का हे पाहायचे, आणि 2017 च्या सुधारित नियमातही ते आहे. एक काल्पनिक देश घ्या. वीस वर्षांत एखाद्या वेळी येते तशा थंडीच्या दिवशी त्याची मागणी 3 कोटी घनमीटर. सीमेवरून येणारे दोन मार्ग, एक अडीच कोटींचा, दुसरा 1 कोटीचा. साठ्यातून दिवसाला 60 लाख, स्वतःचे उत्पादन 10 लाख. सगळे मिळून 4 कोटी 20 लाख, म्हणजे भरपूर वाटते. आता सर्वांत मोठा मार्ग वजा करा. उरले 1 कोटी 70 लाख, मागणीच्या 57 टक्के. हा देश नापास. शेजाऱ्याकडून दीड कोटीचा उलटा प्रवाह मिळाला की तोच आकडा 107 टक्के होतो. गणित शाळकरी आहे, पण 2009 पूर्वी ते सरकारी पातळीवर बंधनकारक नव्हते.

युक्रेनलाही उलटा प्रवाह हवा होता. 2012 मध्ये पोलंडमार्गे, 2013 मध्ये हंगेरीमार्गे थोडाथोडा गॅस पूर्वेकडे यायला लागला. खरी क्षमता मात्र स्लोव्हाकियाच्या वेल्के कापुशानीला होती, तिथे मोठ्या व्यासाच्या नळ्या आहेत. तिथला अडथळा तांत्रिक नव्हता. त्या बिंदूवरची कंत्राटे रशियन निर्यातदार आणि स्लोव्हाक कंपनी यांच्यात होती. दर दिवशी कोणता विक्रेता कोणत्या खरेदीदाराला किती देतो याचे सांकेतिक क्रमांक, ज्यांना शिपर कोड म्हणतात, युक्रेनी कंपनीला मिळतच नव्हते. ते मिळाल्याशिवाय येणारा आणि जाणारा गॅस एकमेकांतून वजा करता येत नाही. आपल्या अंगणातून माल चाललाय, पण बिल्टी वाचायची परवानगी नाही, असा प्रकार.

मग बाजूची वाट शोधली गेली. स्लोव्हाकियातल्या वोयानीच्या वीजकेंद्राकडे गेलेली, वापरात नसलेली एक नळी होती. तिची डागडुजी करून ती उझगोरोदला जोडली आणि 2 सप्टेंबर 2014 रोजी ती सुरू झाली. सुरुवातीची क्षमता वर्षाला सुमारे 10 अब्ज घनमीटर. नोव्हेंबर 2015 पासून युक्रेनने रशियाकडून थेट खरेदी बंद केली ती या नळीच्या जोरावर. मोठ्या नळ्या बाजूला तशाच होत्या.

आता त्या वजाबाकीकडे. 2020 मध्ये युक्रेनची प्रसारण कंपनी, म्हणजे मुख्य वाहिन्या चालवणारी, व्यापारी कंपनीपासून वेगळी झाली, जोडबिंदूंवर युरोपीय नियमांचे करार झाले आणि आभासी उलटा प्रवाह सुरू झाला. समजा दिवसाला 4 कोटी घनमीटर पश्चिमेकडे चालला आहे आणि युक्रेनमधल्या एखाद्या खरेदीदाराने पश्चिमेच्या बाजारात दीड कोटी विकत घेतला. पूर्वी 4 कोटी तिकडे जायचे आणि दीड कोटी दुसऱ्या नळीने परत यायचे. दोन्हीकडे इंधन जळायचे. आता अडीच कोटीच सीमा ओलांडतात, दीड कोटी युक्रेनमध्येच थांबतात. फरक वहीत आहे, रेणू तेच. काही जण याला फसवणूक म्हणायचे. त्यांना सांगावेसे वाटते की ट्रान्झिटमध्ये रेणू कधीच कोणाच्या नावाचा नव्हता. सोव्हिएत काळापासून पूर्व युक्रेनची शहरे ट्रान्झिटचाच गॅस जाळत आणि तितकाच गॅस पश्चिमेच्या भूमिगत साठ्यांतून निर्यातीला जोडला जाई.

या व्यवस्थेत एक मेख आहे. वजाबाकीसाठी विरुद्ध दिशेचा प्रवाह असावाच लागतो. ट्रान्झिट घटत गेले तशी आभासी प्रवाहाची जागा आकसत गेली, आणि 2025 च्या पहिल्या दिवशी रशियन गॅस थांबल्यावर युक्रेनला आयातीचा प्रत्येक घनमीटर प्रत्यक्ष नळीतून आणावा लागतो. तेव्हा वाहिनीची प्रत्यक्ष क्षमता, कॉम्प्रेसर आणि मीटर यांचा खरा कस लागला.

रोजचे काम कसे चालते, ते थोडक्यात. युरोपात गॅस-दिवस सकाळी 6 ला सुरू होतो, दुसऱ्या दिवशी सकाळी 6 पर्यंत, मध्य-युरोपीय वेळेने. आदल्या दिवशी दुपारी 2 पर्यंत व्यापारी आपापल्या प्रसारण कंपनीला कळवतो, इतका गॅस या बिंदूवरून या जोडीदाराला. पलीकडचाही हाच आकडा कळवतो. दोन कंपन्या आकडे जुळवतात. जुळले नाहीत तर लहान आकडा धरतात. इकडचा 100 म्हणाला, तिकडचा 80, तर 80. त्यानंतर दिवसभर ठरावीक मुदतीत आकडे बदलता येतात. प्रत्यक्ष मोजणी आणि मान्य आकडा यांतला किरकोळ फरक दोन कंपन्यांच्या आपसातल्या खात्यात जातो आणि पुढच्या दिवसांत गॅसच्याच रूपात फेडला जातो. त्यामुळे व्यापाऱ्याला कळवलेलाच आकडा मिळतो, मीटरची डुगडुग त्याच्या माथी येत नाही. हे खाते नसले की भांडणे मीटरपासून सुरू होतात आणि पंतप्रधानांपर्यंत जातात.

मीटरचा आणखी एक सापळा आहे तापमानाचा. रशियन आणि युक्रेनी हिशेबात घनमीटर 20 अंश सेल्सिअसला धरतात. युरोपात बऱ्याच ठिकाणी तो 0 अंशाला धरतात. गॅस प्रसरण पावतो, त्यामुळे 20 अंशांचे 100 घनमीटर म्हणजे 0 अंशांचे सुमारे 93. करारात केवळ ‘घनमीटर’ लिहिले की 7 टक्क्यांचा वाद विकत घेतला म्हणून समजा. वर्षाला 10 अब्जांच्या व्यवहारात तो 70 कोटी घनमीटरचा होतो. यावरचा उपाय युरोपने कधीच केला आहे. खरेदीविक्री ऊर्जेत, म्हणजे किलोवॉट-तासांत करायची.

गुणवत्तेचेही असेच. युरोपातील गॅस उद्योगाच्या सामाईक शिफारशीत पाण्याचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला गॅसमधली वाफ द्रव होऊ लागते तो, 70 बारला उणे 8 अंश, हायड्रोकार्बनचा उणे 2 अंश आणि कार्बन डायऑक्साइड कमाल अडीच टक्के. गॅस ओला असेल तर जास्त दाबाखाली, शून्याच्या बऱ्याच वरच्या तापमानालाही, पाणी आणि मिथेनचे बर्फासारखे खडे तयार होतात, आणि दाब उतरवणाऱ्या व्हॉल्व्हपाशी ते नळी तुंबवतात. वासाचा प्रश्न निराळा. फ्रान्स मुख्य वाहिनीतच गॅसला वास लावतो, जर्मनी शहराच्या वेशीवर लावतो. म्हणून फ्रान्सकडून जर्मनीकडे गॅस जाऊ शकत नाही असे वर्षानुवर्षे सांगितले जाई. ऑक्टोबर 2022 मध्ये गरज पडली आणि वासासकट गेला. तांत्रिक अशक्यता म्हणून सांगितलेल्या गोष्टींची एकदा फेरतपासणी करावी, ती यासाठी.

पैशाच्या बाजूने ट्रान्झिट देश शेजाऱ्याला कसे दुखवतो, याची दोन उदाहरणे. ऑक्टोबर 2023 मध्ये बल्गेरियाने आपल्या हद्दीतून जाणाऱ्या रशियन गॅसवर मेगावॉट-तासाला 20 लेव्हा कर लावला. हजार घनमीटरला सुमारे 100 युरो. निशाणा रशियावर, पण ओरड हंगेरी आणि सर्बियाची. डिसेंबरअखेरीस कर मागे घेतला. दुसरे उदाहरण जर्मनीचे. 2022 च्या संकटात महाग भावाने साठे भरले, तो खर्च वसूल करायला अधिभार लावला, आणि तो सीमेबाहेर जाणाऱ्या गॅसवरही बसला. 2024 च्या उत्तरार्धात मेगावॉट-तासाला अडीच युरो. ऑस्ट्रिया, चेक प्रजासत्ताक, स्लोव्हाकिया यांना जर्मनीतून रशियाखेरीज इतर गॅस घेणे त्यामुळे महाग झाले. रशियावरचे अवलंबन कमी करा असे शेजाऱ्याला सांगायचे आणि पर्यायी वाटेवर जकात बसवायची, हा अजब न्याय होता. 1 जानेवारी 2025 पासून सीमेवरचा हा अधिभार काढला. युक्रेनमार्गे ट्रान्झिट थांबले तोच दिवस.

युक्रेनकडे शेजाऱ्यांना देण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट आता जमिनीखाली आहे, भूमिगत साठे. एकूण क्षमता सुमारे 31 अब्ज घनमीटर. ल्विव्ह प्रांतातला बिल्चे-वोलित्स्को-उहेर्स्को एकटाच 17 अब्जांचा. बहुतेक साठे देशाच्या पश्चिमेला आहेत, पोलंड, स्लोव्हाकिया, हंगेरीच्या सीमेजवळ. सीमाशुल्क गोदामाची सोय आहे. परदेशी व्यापारी 1,095 दिवसांपर्यंत तिथे गॅस ठेवू शकतो, शुल्क आणि कर न भरता, आणि परत नेताना नळीचे भाडे सवलतीचे. 2020 मध्ये भाव पडले असताना सुमारे 10 अब्ज घनमीटर परदेशी गॅस तिथे भरला गेला. युद्ध सुरू असताना, 2023 मध्येही सुमारे अडीच अब्ज. जमिनीखालचा गॅस शेकडो मीटर खोलवर सुरक्षित असतो. तो बाहेर काढणारे कॉम्प्रेसर मात्र वर उघड्यावर असतात, आणि मार्च 2024 पासून त्यांच्यावर हल्ले झाले. साठा नष्ट होत नाही, पण हवा तेव्हा काढता येईल याची खात्री जाते. व्यापाऱ्याला विमा आणि व्याज दोन्ही मोजावे लागतात. उन्हाळा-हिवाळ्याच्या भावातला फरक या दोन्हींपेक्षा कमी असेल तर तो येत नाही. देशभक्तीची आवाहने करून साठे भरत नाहीत.

मीटरच्या बाबतीत एक विलक्षण गोष्ट सांगायची राहिली. पूर्वेकडून युक्रेनमध्ये येणारा गॅस मोजणारे सुद्झा केंद्र सीमेच्या रशियन बाजूला, कुर्स्क प्रांतात होते. ऑगस्ट 2024 मध्ये युक्रेनी सैन्याने तो भाग ताब्यात घेतला. दोन देश एकमेकांवर तोफा डागत असताना त्या केंद्रातून दिवसाला सुमारे 4 कोटी घनमीटर गॅस वाहतच राहिला, करार संपेपर्यंत. तुलनेला मे 2022 मधले सोख्रानिव्का, रशियाकडून गॅस येण्याचा दुसरा बिंदू, पाहा. तिथल्या वाटेवरचे कॉम्प्रेसर स्टेशन रशियाच्या ताब्यात गेले, युक्रेनी डिस्पॅचरचे नियंत्रण उरले नाही, म्हणून युक्रेनने तो मार्ग बंद केला आणि तितकाच गॅस सुद्झाकडे वळवण्याची तयारी दाखवली. वळवला गेला नाही, ती वेगळी गोष्ट.

शेवटी मोल्दोवा, या सगळ्यात सर्वांत दुबळा शेजारी. स्वतःचे साठे नाहीत. 2014 मध्ये यासी ते उंगेनी ही 43 किलोमीटरची नळी रोमानियाकडून आली, पण उंगेनीहून किशिनाऊपर्यंतचा पुढचा टप्पा काही वर्षांनी झाला. तोपर्यंत ती नळी नकाशावर होती आणि राजधानीला निरुपयोगी. 2022 च्या अखेरीस नीस्टर नदीच्या उजव्या तीरावरच्या मोल्दोवाने रशियन गॅसशिवाय चालवायला सुरुवात केली. डाव्या तीरावरचा ट्रान्सनिस्ट्रिया हा फुटीर प्रदेश जुन्याच गॅसवर राहिला. जानेवारी 2025 मध्ये तिथे घरांचे हीटिंग बंद पडले, तिथले कुचुरगानचे वीजकेंद्र कोळशावर आले आणि उजव्या तीराला वीज रोमानियाकडून महाग घ्यावी लागली. 1 फेब्रुवारीला युरोपीय मदतीतला पहिला गॅस डाव्या तीरावर पोचला, 2 कोटी युरो किमतीचा.

दक्षिणेची वाट आता इथेच उपयोगी पडते. ट्रान्स-बाल्कन वाहिनी मूळची उत्तरेकडून बल्गेरिया आणि तुर्कस्तानकडे जाणारी. 2020 मध्ये रशियातून काळ्या समुद्राखालून तुर्कस्तानला जाणारी टर्कस्ट्रीम वाहिनी सुरू झाली आणि ट्रान्स-बाल्कन रिकामी पडली. रिकामी पडली म्हणूनच उलटवता आली. ग्रीसमध्ये अलेक्झांद्रूपोलीचे तरंगते एलएनजी, म्हणजे जहाजाने येणाऱ्या द्रवरूप नैसर्गिक वायूचे, टर्मिनल ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झाले, वर्षाला साडेपाच अब्ज घनमीटर क्षमतेचे. तिथून बल्गेरिया, रोमानिया, रोमानिया-युक्रेन सीमेवरचा इसाक्चा-ओर्लिव्का बिंदू आणि मग युक्रेन-मोल्दोवा. नळी सलग आहे, पण वाटेत पाच कंपन्या, पाच दरपत्रके आणि प्रत्येक सीमेवर नळीतल्या जागेचा वेगळा लिलाव. चार बिंदूंवर क्षमता मिळाली आणि पाचव्यावर हुकली तर आधीच्या चारांचे पैसे पाण्यात. म्हणून 2025 च्या मे महिन्यात या पाच देशांच्या कंपन्यांनी ‘रूट 1’ नावाने एकच क्षमता विकायला काढली, ग्रीसपासून युक्रेनपर्यंत एका बोलीत आणि सवलतीच्या दरात. ती मासिक स्वरूपाची होती, आणि तिच्यातली उणीव तीच. हिवाळ्यासाठी गॅस घेणाऱ्याला जहाज महिने आधी ठरवावे लागते, तर नळीतली जागा एका महिन्यापुरती मिळे. टर्मिनलची वेळ, जहाजाची वेळ आणि लिलावाची वेळ एका कॅलेंडरवर आणणे, हे काम नियामकांच्या टेबलावर आले.

प्रश्न असतील तर घेऊ.